आबा, पाणी किती फूट?

श्रावणात सांगलीकर एकमेकांना भेटले की "जेवलास का?" नंतर विचारतात. आधी विचारतात, "आयर्विनला किती?" उत्तरही तेवढंच तुटक असतं. "एकतीस." एवढ्यावर दोघं आपापल्या वाटेला लागतात. परगावचा पाहुणा मध्ये उभा असेल तर त्याला वाटावं, हळदीचा भाव चाललाय.

आमच्या हरिपुरात तर शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टात कृष्णामाई 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा माझी धाकटी नात टोपलीत बसून माळ्यावर गेली होती. तिला त्यातलं काही आठवत नाही. पण सांगते मात्र डोळ्यांनी बघितल्यासारखं.

परवा संध्याकाळी तिला आणि साताऱ्याहून आलेल्या थोरल्याला, म्हणजे मुलीच्या मुलाला, घेऊन संगमेश्वराच्या घाटावर बसलो होतो. समोर वारणा गढूळ होऊन कृष्णेत शिरत होती.

"आबा, आज पाणी किती फूट?" धाकटीनं विचारलं.

"31. आणि तुझं?"

"माझं काय?"

"तुझ्या नदीचं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारा गेला कामातून. मी तिचं मनगट धरलं, अंगठ्याच्या मुळाशी तिचीच दोन बोटं टेकवली आणि म्हटलं, आता गप्प बसून बघ. ती गप्प बसली, ही गोष्ट तशी नोंद करण्यासारखी. मग डोळे मोठे झाले. "आबा, आत कुणीतरी ठोकतंय!"

घड्याळ लावून मोजलं. तिचे ठोके मिनिटाला 96, थोरल्याचे 72, माझे 60. थोरल्याला वाटलं, आपण हरलो. त्याला शर्यतीचं भारी वेड. मी म्हटलं, अरे, ही शर्यत उलटी असते. लहान जीव धावत असतो, मोठा जीव रमतगमत चालतो. घरातल्या उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं. हत्तीचं तीसच्या आसपास. आणि समुद्रातला निळा देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा त्याचं हृदय कधी कधी मिनिटाला दोनदाच ठोका देतं. दोनदा! पहिला ठोका पडला की दुसऱ्याची वाट बघत तुमचा एक श्लोक म्हणून होईल. अमेरिकेतल्या संशोधकांनी एका देवमाशाच्या अंगाला यंत्र चिकटवून हे मोजलं आणि 2019 मध्ये छापलं. इकडे आम्ही माळ्यावर बसून नदी मोजत होतो, तेच हे साल.

"आणि मगरीचं?" थोरल्यानं विचारलं. भिलवडीकडच्या मगरी बघायचा त्याचा हट्ट दोन वर्षं जुना आहे.

मगर म्हणजे या बाबतीत वस्तादच. माशाच्या हृदयात कप्पे दोन, बेडकाच्या तीन. साप-सरडे यांचेही तीनच म्हणायचे. पण त्याच गोतातल्या मगरीचे मात्र चार, तुमच्या-आमच्यासारखे. वर तिनं एक चोरवाट राखून ठेवलीय. पाण्याखाली दडून बसली की ठोके मंदावतात, आणि फुप्फुसांकडे जाणारं बरंचसं रक्त त्या वाटेनं वळवून शरीरात फिरवलं जातं. श्वासच घ्यायचा नाही, तर फुप्फुसांकडे कशाला हेलपाटे? मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. पस्तीस वर्षं पाणी इकडचं तिकडे वळवलं, पण इतकी चोख पाळी मला कधी लावता आली नाही.

अजगराची गोष्ट मात्र मी राखून ठेवली होती. शिराळ्याच्या वर चांदोलीचं जंगल आहे, तिकडच्या सह्याद्रीत अजगर आहेत. अजगर एकदा पोटभर गिळला की आठवडेच्या आठवडे काही खात नाही. त्याच्या ब्रह्मदेशी भाऊबंदाला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तपासलं, तर भलतंच दिसलं. भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय 40 टक्क्यांनी वाढतं. रक्तातली चरबी नेहमीच्या पन्नासपट होते. रक्तातला द्रव दुधासारखा पांढुरका दिसायला लागतो. एवढी चरबी घेऊन आपण दवाखान्यात गेलो तर डॉक्टरच खाली बसतील. अजगराला काहीही होत नाही. जेवण पचलं, की चरबी उतरते आणि हृदय आपल्या मूळ मापावर येतं. श्रावणात फुगलेली नदी कार्तिकात पात्रात परतावी, तसं.

"मग आपण पण महिन्यातनं एकदाच जेवायचं?" धाकटी म्हणाली.

"तुझ्या आजीला विचार. ती आनंदानं हो म्हणेल."

माणसाचं हृदयही वाढतं, पण दोन तऱ्हांनी. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली, दहावी आली. अशा लांब पल्ल्याच्या धावपटूंचं हृदय ऐसपैस होतं. एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून बसल्या जागी त्याला कमी ठोके पुरतात. हे वाढणं पैलवानाच्या दंडासारखं. दुसरं वाढणं रक्तदाबाचं. तुंबलेल्या पाइपात रेटून पाणी ढकलायला लागावं तशी वर्षानुवर्षं झुंज दिली, की हृदयाची भिंत जाड आणि ताठ होत जाते. ते अजगरासारखं आठवड्यात ओसरत नाही.

"आत नक्की असतं काय, आबा?" थोरल्यानं मुद्द्याला हात घातला.

आत दोन पंप असतात, शेजारी शेजारी, एकाच भिंतीनं जोडलेले. उजवा मवाळ, त्याचं काम रक्त शेजारच्या फुप्फुसांत पोचवायचं. डावा दणकट, त्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं. आगरकरांचं टेंभू तुम्हाला ठाऊक आहे ना, कराडजवळचं? तिथं कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आटपाडीच्या माळापर्यंत नेतात. भलेमोठे पंप, भलीमोठी वीजबिलं. बिल थकलं की पंप बंद, आणि मग वर्तमानपत्रात बातमी. तुमच्या छातीतली उपसा योजना मुठीएवढी, वजन पाव किलोच्या थोडं पुढे. मिनिटाला पाच लिटर उपसते, म्हणजे दिवसाला सात हजार लिटर. मे महिन्यात जतच्या वाडीवर येतो तसला मोठा टँकर. दिवसाला एक लाख ठोके. आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात हा पंप सुरू होतो, तेव्हा अजून हातपायही फुटलेले नसतात.

"मग दमत कसा नाही?"

हा प्रश्न धाकटीनं विचारला, आणि मला वाटलं, हिला आता माझी खुर्ची द्यावी. कारण सगळी गंमत इथंच आहे.

हृदय दमत नाही, कारण ते दर ठोक्यागणिक सुट्टी घेतं. एका ठोक्याचा वेळ सेकंदापेक्षा थोडा कमी. त्यातला साधारण एक तृतीयांश वेळ पिळण्यात जातो, उरलेले दोन तृतीयांश सैल पडण्यात. हिशेब करा. चोवीस तासांत हृदयाच्या मोठ्या कप्प्यांना सोळा तास विश्रांती. खात्यात असताना एवढ्या रजा मला कधी मंजूर झाल्या नाहीत.

आणि त्याहून मोठी नवलाई पुढे आहे. डाव्या पंपातून मुख्य धमनी निघते, तिचा अगदी पहिला फाटा कुणासाठी? मेंदूसाठी नव्हे, पोटासाठी नव्हे. हृदयासाठीच. दोन बारीक धमन्या, जाडी काडीएवढी, त्यांच्या शाखा हृदयाला मुकुटासारख्या वेढून बसतात. त्यांना कॉरोनरी म्हणतात. कालव्याच्या मुखाला बसलेला शेतकरी पाणी आधी घेतो, टेलचा बोंबलतो, हे मी पस्तीस वर्षं ऐकलंय. हृदय मुखाला बसलेलं. पण घेतं कधी? पिळताना त्याचे स्नायू इतके आवळलेले असतात की डाव्या पंपाच्या भिंतीतल्या नळ्या दबून जातात. रक्त शिरतं ते मुख्यतः सैल पडल्यावर. बैल औताला जुंपलेला असताना चारा खात नाही. जू उतरलं की खातो. तसंच. म्हणून ठोके विनाकारण वाढले की पहिली काटछाट त्या सुट्टीत होते. औत जास्त, चारा कमी.

वर हा बैल खादाड. शरीराचे बाकीचे अवयव समोरून जाणाऱ्या रक्तातला प्राणवायू पावभर घेतात आणि पाऊण पुढे सोडतात. हृदय बसल्या जागीसुद्धा पाऊणच पिऊन टाकतं. शिल्लक काही ठेवत नाही. म्हणजे फाटा अडला तर विहिरीवर भागवू, ही सोय त्याला नाही. फाटा अडला, की त्या फाट्याखालचं शिवार वाळायला लागतं.

"आणि फाटा अडतो कशानं? आमच्या नळात क्षार बसतात तसा?" थोरला म्हणाला.

सगळे असंच समजतात. मीसुद्धा समजत होतो. गीझरच्या नळीत पांढरा थर चढावा, तसा धमनीत आतून चरबीचा थर चढत जातो आणि एक दिवस भोक बुजतं. चित्र सोपं आहे, पण चुकीचं आहे, आणि चुकीचं असल्यानं माणसं फसतात. धमनी म्हणजे लोखंडी नळ नव्हे, ती जिवंत असते. तिला आतून एक तलम अस्तर असतं. तंबाखू, चढा रक्तदाब, वाढलेली साखर यांनी ते अस्तर खरवडलं जातं. मग रक्तातलं कोलेस्टेरॉल, त्यातलं एलडीएल नावाचं, अस्तराखाली झिरपतं. ते उचलायला शरीराच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात. वर पातळ साय धरते. म्हणजे नळीत गाळ नव्हे, भिंतीत गळू. ते बरीच वर्षं काही बोलत नाही. मग एखाद्या पहाटे, एखाद्या भांडणात, कधी काही कारण नसताना, ती साय फाटते. आतला ऐवज रक्ताला लागला की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते इमानेइतबारे गोठून भोक बंद करायला बघतं. ही गुठळी म्हणजे हार्ट ॲटॅक. पुष्कळदा फुटणारं गळू लहानच असतं, त्यानं आधी वाट फारशी अडवलेलीही नसते. म्हणून "परवा जिना चढलो, काही झालं नाही" या बोलण्याला फारसा अर्थ नाही.

गळू धरतात कुठे, तेही बघा. कराडला प्रीतिसंगम आहे. कोयना आणि कृष्णा तिथं समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एक होतात. असल्या ठिकाणी पाणी घुटमळतं, भोवरे फिरतात, कडेला गाळ बसतो. धमन्यांतही गळवं सरळ वाटेवर कमी, फाट्यावर आणि वळणावर जास्त. तिथं प्रवाह घुटमळतो आणि अस्तर बिचकतं. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. जन्म आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कराड. 25 नोव्हेंबर 1984 ला दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. मी तेव्हा नोकरीत होतो. कराडच्या घाटावर जमलेली ती गर्दी मला अजून दिसते.

पण हे म्हाताऱ्यांचं दुखणं, असं पोरांनी समजू नये. कोरियाच्या युद्धात मेलेल्या तीनशे अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी उघडून पाहिली आणि 1953 साली छापलं. सरासरी वय 22. शंभरातल्या सत्त्याहत्तर जणांच्या धमन्यांत ही सुरुवात झालेली होती, कुणाच्या थोडी, कुणाच्या बरीच. कोयनेचे दरवाजे उघडले तर सांगलीला पाणी लगेच चढत नाही. धमन्यांचं पाणी तर दरवाजा विसाव्या वर्षी उघडला तर पन्नासाव्या वर्षी आयर्विनला लागतं. आणि आपल्या भागातल्या माणसांना ते आणखी लवकर लागतं. 2004 साली 52 देशांतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका या पट्ट्यातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की जगभर बहुतेक झटक्यांच्या मागे तीच ती नऊ कारणं. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, ताटातली कमी भाजी-फळं, बसून राहणं आणि दारूच्या सवयी. नशीब त्या यादीत नव्हतं.

धाकटीला आता कंटाळा आला होता. तिनं पाण्यात खडा टाकला आणि विचारलं, "तुम्हाला ॲटॅक आला होता तेव्हा दुखलं का?"

तर तेही सांगितलं.

दिवाळीचा दुसरा दिवस. फराळ चेपला होता. दुपारी छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. कळ अशी नाही, नुसतं ओझं. जबड्यात जडपणा, कपाळावर घाम. मी जाहीर केलं, "गॅस झालाय." आपल्याकडे छातीतलं सगळं गॅसच असतं. आजीनं ओवा दिला. मग सोडा झाला. शेजारचे म्हणाले, पित्त असेल, डाव्या कुशीवर झोपा. असे तीन तास घालवले. मग पुतण्यानं मोटारसायकलवर मागं बसवून नेलं, ती आणखी एक चूक. वाटेत हृदयाचा ताल बिघडला असता तर पुतण्याच्या पाठीवर मान टाकली असती. डॉक्टर तरुण होते. आधी उपचार केले, आणि मग मला इतके बोलले की माझ्या वडिलांनीही कधी इतकं ऐकवलं नव्हतं. बोलणं सगळं खरं होतं. शिवार अर्ध्या तासानंतर वाळायला लागतं आणि पुढच्या काही तासांत बरंचसं जातं. त्या वेळेत पोचलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, तारेवरून फुगा नेऊन वाट मोकळी करणारी अँजिओप्लास्टी असते. उशीर झाला की औषध तेच, पण पाणी पोचतं ते वाळक्या रानात. माझ्या हृदयाचा एक कोपरा तसा पडीक आहे. अजून.

बायका आणि मधुमेही यांची गत याहून वाईट. त्यांना पुष्कळदा छातीत ओझंही वाटत नाही. धाप लागते, पाठ धरते, मळमळतं, एकदम गळून गेल्यासारखं होतं. घरात म्हणतात, कामानं दमली. म्हणून मी थोरल्याला पाठ करायला लावलं: घाम, ओझं, धाप, काय वाटेल ते असो, 108 लावायचा. ॲम्ब्युलन्स फुकट येते. वाट बघताना आजोबाला चालवायचं नाही, बसवायचं. फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितली तर ॲस्पिरिनची गोळी चावायला द्यायची. आणि माणूस कोसळला, हाकेला ओ देईना, श्वास धड चालेना, तर पंप थांबलाय असं समजून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबायचं, पाच सेंटिमीटर खोल, सेकंदाला जवळजवळ दोनदा, मदत येईपर्यंत. "बरगडी मोडली तर?" त्यानं विचारलं. मोडू दे. ती जुळते.

मिरजेच्या दर्ग्याजवळ उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. दरवर्षी तिथं गाणं होतं, मी चुकवत नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये दक्षिणेत प्रवास करताना खाँसाहेबांना छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनात उतरले, फलाटावर अंथरूण टाकलं आणि दरबारीत प्रार्थना म्हणत गेले, असं सांगतात. त्या काळात अगदी दवाखान्यात पोचले असते तरी डॉक्टरांच्या हाती वेदनाशामक आणि अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला, एवढंच होतं. पण मी? मिरज माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, वॉनलेस साहेबांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल काढल्यापासून दवाखान्यांचं गाव. आणि मी ओवा चघळत बसलो होतो.

अँजिओप्लास्टीची ती वाट कुणी शोधली, हे थोरल्याला हवं होतं. 1929 साल. इकडे सांगलीला आयर्विन पूल खुला झाला, त्याच वर्षी जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरनं स्वतःच्या कोपराजवळची शीर उघडून रबरी नळी आत सरकवली, थेट हृदयापर्यंत. मग तशीच नळी लोंबकळत ठेवून पायऱ्या उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला, फोटो काढला. वरिष्ठांनी झापलं. 1956 ला नोबेल मिळालं. धमनीतला फुगा आला तो पुढे, 1977 मध्ये, झुरिचच्या ग्रुंटझिगकडून.

औषधांत मात्र निसर्गाचाच हात आहे. ओढ्याकाठी वाळुंज उगवतो ना, त्याच्याच कुळातल्या युरोपातल्या झाडाच्या सालीचा माग काढत माणूस ॲस्पिरिनपर्यंत पोचला. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचं मूळ एका बुरशीत. जपानच्या अकिरा एंडो या शेतकऱ्याच्या पोरानं हजारो बुरश्या तपासून ती हुडकली. आणि सर्पगंधा? ती आपल्याकडची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर दाखवून 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलात छापलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. आता तिच्याहून सोसवणारी औषधं आहेत. पाळंमुळं उकळून पिऊ नका. आमच्या एका नातेवाइकानं गोळ्या सोडून काढे सुरू केले होते. "आता बरं वाटतंय" म्हणून. रक्तदाबात बरं वाटण्याचा काही संबंधच नसतो. 43 फुटांवरसुद्धा पाणी घाटावर किती शांत दिसतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

म्हणूनच पट्टी लागते. रक्तदाबाचे दोन आकडे: वरचा पिळतानाचा, खालचा सैल पडतानाचा. 120 आणि 80 चांगले. डॉक्टरांकडे पुन्हा पुन्हा मोजून 140 किंवा 90 च्या वर राहू लागले, तर नदी इशाऱ्यावर आली. सांगलीत आयर्विनचा आकडा माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही. पण स्वतःच्या हाताचे दोन आकडे दहातल्या किती जणांना सांगता येतील? मी रस्त्यावर विचारून बघितलंय. लोक पळून जातात.

आकडा वर का जातो, तर त्याची अर्धी गोष्ट आपल्या ताटात आहे. माणसाला दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत पुरे, म्हणजे सपाट चमचाभर. आपल्याकडे लोणचं, पापड, खर्डा आणि वर भडंग. सांगलीच्या माणसानं भडंगाविरुद्ध बोलणं म्हणजे महापाप, म्हणून मी बोलत नाही, फक्त मूठ लहान करतो. गुळाचं तसंच. गूळ म्हणजे औषध, असं इथल्या पेठेत कुणीही शपथेवर सांगेल. रंग बदलला तरी ती साखरच. साताऱ्याचा कंदी पेढा सणाला एक, यावर माझं आणि थोरल्याचं एकमत आहे, फक्त "सण" या शब्दावर मतभेद. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी हे आपलं मूळचं जेवण उत्तम होतं. बिघडलं ते वनस्पती तुपानं, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलानं आणि खुर्चीनं. चालायला पैसे पडत नाहीत. साताऱ्यात दर पावसाळ्यात हजारो माणसं यवतेश्वरचा घाट धावत चढतात. मला ते झेपत नाही, मी रोज घाट ते कमान अर्धा तास झपझप चालतो. बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतक्या वेगानं.

राहता राहिली तंबाखू. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, आणि बंदी कशी पाळली जाते ते पानपट्टीवाल्याला विचारा. पण मला काळजी मिश्रीची. विडी ओढणाऱ्या बापाला पोरं बोलतात, मिश्री लावणाऱ्या आईला कुणी बोलत नाही, कारण ती "दात घासते". दिवसातून चार वेळा दात कोण घासतं? प्रत्येक बोटाबरोबर निकोटिन रक्तात जातं, ठोके वाढतात, दाब वाढतो. बैलाचा चारा कमी.

हे मी जरा मोठ्यानं बोललो असणार. कारण मागून आवाज आला, "कुणाची मिश्री काढली रं?"

आजी देवळातून येऊन पायरीवर उभी होती. मी तोंड वारणेकडे फिरवलं. तिचा डबा गेल्या पाच वर्षांत तीन वेळा लपवला आणि तीन वेळा नवा निघाला. या बाबतीत माझं खातं पूर्ण नापास.

धाकटी मात्र उठली. आजीला पायरीवर ओढून बसवलं, तिचं मनगट मांडीवर घेतलं, हिरव्या बांगड्या वर सारल्या आणि दोन बोटं टेकवली. थोरल्यानं घड्याळ धरलं.

"आज्जी, तुझ्या नदीचं पाणी बघतेय. हलू नको."

"आरं, जेवणाचं बघायचंय घरात, भात..."

"गप की गं! चुकलं बघ माझं."

आणि पहिल्यापासून मोजायला लागली. एक, दोन, तीन.